लाल बिल्ला आणि मतपेटी

बलिप्रतिपदेला ओवाळताना आपल्या आज्या-पणज्या एक वाक्य म्हणत आल्या आहेत: इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. पुराणातला वामन हा साक्षात विष्णूचा अवतार, देवळात पूजा त्याची. घरातल्या बायका मात्र शेकडो वर्षे वाट पाहतात ती त्याने पाताळात घातलेल्या बळीची. महात्मा फुल्यांनी ही विसंगती नेमकी हेरली आणि बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुन्हा उभे केले. पुढे शंभरेक वर्षांनी एका माणसाने ह्या ओवाळणीच्या वाक्याचा राजकीय कार्यक्रम करावयाचे ठरविले आणि त्या कार्यक्रमातून काही वर्षांनी एक पक्ष निघाला. तो पक्ष आजही आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्याचे नाव आठवावयास थोडा वेळ लागेल. 'स्वतंत्र भारत पक्ष' हे ते नाव, आणि तो काढणारा माणूस म्हणजे शरद जोशी.

ह्या पक्षाला कोणत्या खणात ठेवावे, हा राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना पडणारा प्रश्न. मी मराठीचा, त्यामुळे मला खणांची फिकीर नाही. पण युरोपातली एक गोष्ट सांगितली तर वाचकांना थोडा उजेड पडेल. रुमानियात १९४९ पासून १९६२ पर्यंत सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढून घेतल्या. पुढे चाउशेस्कूने हजारो खेडी पाडून माणसे सिमेंटच्या चाळींत कोंबण्याची योजना आखली. १९८९ च्या डिसेंबरात तो गेला आणि दुसऱ्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत तेथे एक सोडून दोन पर्यावरणवादी पक्ष लोकसभेत जाऊन बसले. अशा देशात रान वाचवा म्हणणारा आणि बापजाद्यांची जमीन, खेडे, चालीरीती वाचवा म्हणणारा एकाच बाकावर बसला तर नवल नाही. तेथे 'हिरवा' आणि 'उजवा' हे शब्द शेजारी नांदू शकतात. आपल्याकडे हिरवे म्हणजे डावे, अशी समजूत रूढ आहे. जमीन कसणाऱ्याची बाजू घेणारा आणि तरीही समाजवादाला उघड विरोध करणारा पक्ष म्हटला की आपण बुचकळ्यात पडतो.

वास्तविक अशा पक्षाची एक पिढी आपल्याकडे आधीच होऊन गेली होती. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याचा बांध मोडणार, ह्या भीतीने ऐंशी वर्षांचे राजाजी पुन्हा मैदानात उतरले. त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष निघाला. मिनू मसानी, आंध्रातले शेतकरी पुढारी प्राध्यापक रंगा, कन्हैयालाल मुनशी अशी मंडळी त्यात होती. 'परमिट-लायसेन्स राज' हा शब्द राजाजींचाच. १९६७ साली ह्या पक्षाचे ४४ खासदार निवडून आले, १९७१ साली अवघे ८, आणि १९७४ साली पक्ष चरणसिंगांच्या लोकदलात विरून गेला. महाराष्ट्रात त्याची मुळे कधी खोल गेली नाहीत. पक्ष संस्थानिकांचा आणि गिरणीमालकांचा, असे आपल्या आजोबांच्या पिढीचे मत झाले होते आणि ते अगदीच निराधार नव्हते.

हे निशाण वीस वर्षांनी पुन्हा उचलले गेले, ते मात्र ढेकळांतून.

शरद जोशी मूळचे साताऱ्याचे, जन्म १९३५ चा, शिक्षण सिडनहॅम कॉलेजात. टपाल खात्यात वरच्या हुद्द्यावर दहा वर्षे काढून ते १९६८ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत गेले. पगार, घर, आल्प्सचे बर्फ, सारे काही होते. १९७७ साली ते सोडून हा गृहस्थ बायको आणि दोन मुलींना घेऊन परत आला आणि चाकणजवळच्या आंबेठाण गावी त्याने कोरडवाहू जमीन घेतली. भारताच्या दारिद्र्याचे कारण काय ते पुस्तकात सापडत नाही, तर नांगर धरून पाहावे, असा विचार. काकडी लावली. ती बाजारात पाठविली. काही दिवसांनी आडत्याकडून जी पट्टी आली ती उलटी.

उलटी पट्टी म्हणजे काय, हे शहरी वाचकांना सांगावयास हवे. माल विकून आलेल्या पैशांतून आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा करतात. माल इतका पडेल भावाने जातो की वजाबाकी शून्याच्या खाली उतरते. मग माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्यानेच आडत्याला पैसे द्यावयाचे! मराठी भाषेत दुःखाचे पुष्कळ शब्द आहेत. पण 'उलटी पट्टी' ह्या दोन शब्दांत जेवढे मावते तेवढे मला दुसरीकडे आढळले नाही.

जोशींचा सिद्धान्त ह्या पट्टीतून निघाला. शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून गरीब आहे, असे शहरातला सुशिक्षित मानत होता. जोशी म्हणाले, शेती तोट्यात आहे कारण ती तोट्यात ठेवली जाते. शहराला स्वस्त धान्य आणि गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून सरकार लेव्ही लावते, निर्यात अडवते, जिल्हाबंदी करते, बाहेरून माल आणते. सारे जग आपल्या शेतकऱ्याला अनुदान देते. आपले सरकार त्याच्याकडून उलटे वसूल करते. ह्याला त्यांनी नाव दिले 'उणे सबसिडी'. शब्द खडबडीत आहे, पण शेतकऱ्याला तो चटकन कळला, कारण उलटी पट्टी त्याच्या खिशात होती.

चाकणच्या कांद्यापासून आंदोलन सुरू झाले. जानेवारी १९८० मध्ये वांद्रे ते चाकण असा ६४ किलोमीटरांचा पायी मोर्चा निघाला. (हे मुंबईचे वांद्रे नव्हे; भामा नदीच्या खोऱ्यातले, ज्याला धड रस्ता नव्हता ते.) त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे अडल्या. १९८१ साली निपाणीला तंबाखूचे आंदोलन झाले. ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. मराठवाडा-विदर्भाचा प्रश्न कापसाचा. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस सरकारलाच विकावयाचा, सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी तिकडे न्यावयाचा नाही. नेला तर ती तस्करी. स्वतःच्या शेतातला कापूस बैलगाडीत घालून रात्री चोरासारखा शेजारच्या राज्यात नेणारी माणसे मी लहानपणी ऐकली आहेत. १९८६ च्या डिसेंबरात हिंगोलीकडे सुरेगावला ह्याच कापसापायी गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले.

शेतकरी संघटनेचा बिल्ला लाल होता. छातीवर तो लावला की माणूस ताठ चालू लागे. आमच्या थोरल्या काकांना मी तसे चालताना पाहिले आहे. वैजापूर तालुक्यातली चौदा एकर कोरडवाहू जमीन, अंगात कायम मांजरपाटाचा सदरा. पण बिल्ला लावला की गावच्या पाटलासमोरही त्यांचा आवाज खाली येत नसे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही संघटनेची घोषणा. मी वर्गात ती फळ्यावर लिहितो आणि विचारतो, येथे 'भाव' का नाही, 'दाम' का? एखादी खेड्यातली मुलगी बरोबर सांगते: भाव बाजार ठरवतो, दाम आपण मागतो. यमकासाठीही आहे ते, असे मी म्हणतो. पण तिचेच उत्तर अधिक खरे वाटते.

जोशी घोषणांपुरते थांबले असते तर इतर पुढाऱ्यांत जमा झाले असते. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला त्यांनी शेतकरी बायकांचे अधिवेशन भरविले. लाखांच्या संख्येने बाया आल्या. डोईवर गाठोडी, काखेत मुले. शहरातल्या स्त्री-चळवळीतल्या भगिनी तो जमाव पाहून अवाक झाल्या. मग निघाला ग्रामपंचायतींत संपूर्ण महिलांचे पॅनेल उभे करण्याचा कार्यक्रम. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या काही गावांत तशा पंचायती निवडूनही आल्या. सरकारने बायकांसाठी राखीव जागा ठेवण्याच्या आधीची ही गोष्ट. कासेगावच्या गेल ऑम्व्हेट ह्या विदुषीने ह्यावर पुष्कळ लिहून ठेवले आहे.

१९९१ च्या नोव्हेंबरात शेगावला अधिवेशन झाले. तेथे जोशींनी शेतीचे चार प्रकार मांडले: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. पहिल्या दोन नावांवर मराठीचा मास्तर लुब्ध न झाला तर नवल! सीताशेती म्हणजे घरच्या बाईने थोड्याशा तुकड्यावर, बाजारातली खते-औषधे न आणता, घरचे बियाणे, घरचे खत वापरून करावयाची शेती. शेतीचा शोध बाईने लावला, असे जोशींचे म्हणणे. सीता ही तर नांगराच्या तासातूनच वर आलेली. माजघरशेती म्हणजे निघालेल्या मालावर घरातच डाळ, पापड, लोणचे अशी प्रक्रिया करून तो विकणे. युरोपात ज्याला हिरवे राजकारण म्हणतात त्याच्या सर्वांत जवळ हा पक्ष कोठे आला असेल तर तो येथे. आणि तेही त्याने कोणाकडून उसने आणलेले नव्हते.

त्याच सुमारास गावोगाव गेली लक्ष्मीमुक्ती. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावावर करून द्यावयाचा, तलाठ्याकडून फेरफार करून सातबाऱ्यावर तिचे नाव चढवावयाचे. ज्या गावात शंभर बायकांच्या नावे असे होईल ते गाव लक्ष्मीमुक्त, आणि तेथे जोशी स्वतः जाणार. बायकोचे देणे चुकते केल्याशिवाय सरकारकडे आपले देणे मागण्याचा हक्क शेतकऱ्याला पोचत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद ऐकून आमच्या काकांनी रात्रभर कूस बदलली, असे काकू सांगते. सकाळी उठून ते म्हणाले, दोन एकर तुझ्या नावे करतो, विहिरीकडचे.

असो. आता पक्षाकडे वळू.

पक्ष काढण्याच्या वाटेवर एक मोठी धोंड होती आणि ती जोशींनी स्वतःच आणून ठेवली होती. आंदोलनाच्या पहिल्या वर्षांत ते सभेत सांगत की मी कधी मते मागायला आलो तर मला जोड्याने मारा. हे वाक्य लोकांच्या लक्षात राहिले; विरोधकांच्या तर फारच राहिले. १९९० साली जनता दलाच्या तिकिटावर संघटनेचे पाच कार्यकर्ते विधानसभेत गेले, त्यांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे वामनराव चटप होते. विश्वनाथ प्रताप सिंगांनी जोशींना शेतीविषयक सल्लागार समितीचे अध्यक्ष केले. सत्तेच्या ओसरीवर बसून कामे होत नाहीत, घरात शिरले पाहिजे, असे मग कार्यकर्त्यांना वाटू लागले. त्यातच १९९१ साली नरसिंह रावांनी परमिट-लायसेन्स राज सैल केले. व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात उत्तरेत टिकैत, कर्नाटकात नंजुंडस्वामी असे शेतकरी पुढारी उभे राहिले. जोशी मात्र बाजूने. कारखानदाराला खुले केलेत, आता शेतकऱ्यालाही खुले करा, एवढेच त्यांचे मागणे. ह्या मतभेदात विदर्भातले विजय जावंधिया यांच्यासारखे जुने सहकारी दूर गेले.

१९९३ साली संघटनेचे अधिवेशन आमच्या शहरात भरले, तेव्हाच्या औरंगाबादेत. मी शाळेत होतो. काका गावाकडून भाकऱ्या बांधून आले आणि आमच्या दोन खोल्यांत सहा माणसे पथारी टाकून झोपली. रात्री त्यांची चर्चा चाले ती एकाच गोष्टीची: पक्ष काढायचा की नाही. एकजण म्हणाला, "मते मागितली की आपण त्यांच्यासारखेच." काका म्हणाले, "न मागून तरी काय पदरात पडलं?" दोघांचेही बरोबर होते, हे मला आता कळते. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष स्थापन झाला.

तो काळ डोळ्यांपुढे आणावा. बाबरी मशीद पडली होती. मुंबईत बाँबस्फोट झाले होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप होऊन लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. सोळा वर्षांच्या झगड्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. खेड्यापाड्यांत त्यापायी घरे जळाली होती, माणसे मारली गेली होती. औरंगाबाद शहरात १९८८ च्या महापालिका निवडणुकीपासून शिवसेनेचा भगवा चढत होता. प्रत्येक जण आपण कोण, हे विचारीत होता. अशा वेळी एक पक्ष आला आणि म्हणाला, ते जाऊ द्या, कापसाचा भाव काय?

१९९५ साली निवडणूक झाली. ज्या सभांना लाखाची गर्दी होई त्या पक्षाच्या पदरात फारसे काही पडले नाही. जोशी स्वतःही पडले. राज्यात युतीचे सरकार आले.

काकांनी मत कोणाला दिले, हे मी त्यांना फार उशिरा विचारले, ते थकल्यावर. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "सभेला जाताना मी शेतकरी असायचो. मतदानाला जाताना सोयरा असायचो. उमेदवार आपल्या पावण्यातला. शिवाय सोसायटीचं कर्ज थकलेलं, चेअरमन त्याच्या बाजूचा. बिल्ला खिशात ठेवला अन् शिक्का मारून आलो." माझ्या मते ह्या पक्षाच्या पराभवाची इतकी चोख मीमांसा कोणत्याही ग्रंथात नाही. खेड्यात सोसायटी, जिल्हा बँक, साखर कारखाना, बाजार समिती ह्या चार खांबांवर मते उभी असतात. जोशींचा पक्ष म्हणत होता की हे खांबच सरकारी लाकडाचे आहेत, ते काढा. खांब काढा म्हणणाऱ्याला त्याच मांडवात बसलेली माणसे मत कशी देणार? इतर पक्ष काही ना काही देऊ करतात: नोकरी, अनुदान, मोफत वीज, निदान जातीचा अभिमान. हा पक्ष म्हणे, आम्ही काही देणार नाही, सरकारचा हात तुमच्या खिशातून बाहेर काढू. हे समजावयाला सोपे आहे. पण त्यासाठी रांगेत उभे राहणे अवघड.

दुसरीही बाजू मांडली पाहिजे. शेतमालाचा भाव वाढला की सारे सुधारेल, हे सूत्र मराठवाड्यात मला पुरेसे वाटत नाही. ज्याच्याजवळ विकावयास काही नाही, त्या मजुराने ह्या पक्षात काय पाहावे? आणि विहिरी आटतात, बोअर सहाशे-सातशे फूट जातात, तेथे भावाच्या आधी पाण्याचा प्रश्न येतो. सीताशेती काढणारा पक्ष पाण्यावर आणि मातीवर त्याच जोमाने बोलता तर आज त्याची जागा वेगळी असती. घडले ते उलट. २००१ साली गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस शेतात उभा असल्याचे सापडले आणि तो जाळण्याचे हुकूम निघाले, तेव्हा जोशी शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहिले. कोणते बी पेरायचे हे शेतकरी ठरवील, दिल्लीचा कारकून नव्हे. मार्च २००२ मध्ये सरकारने परवानगी दिली. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला संघटनेच्या लोकांनी तणनाशकाला न मरणारा, बंदी असलेला कापूस जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. पर्यावरणवाद्यांच्या दृष्टीने हा पक्ष तेव्हापासून वैरी. घरच्या बियाण्याची सीता आणि कंपनीच्या बियाण्याचा कापूस एकाच शिवारात कसे नांदावयाचे? पक्षाचे उत्तर असे की दोन्ही ठिकाणी निवड शेतकऱ्याची. उत्तर सुसंगत आहे. समाधान मात्र होत नाही, निदान माझे.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. १९८९ पासून अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे आपल्या देशात पक्षाची नोंदणी करावयाची तर समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. आता समाजवादाला विरोध हाच ज्या पक्षाचा प्राण, त्याने काय करावे? मंगलाष्टकांना उभे राहून लग्न न करण्याची शपथ घेण्यासारखेच हे. पुढे राज्यसभेत गेल्यावर जोशींनी ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक आणले. अशा विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले.

राज्यसभेत ते गेले २००४ साली, भाजप आणि शिवसेनेच्या पाठिंब्यावर. ज्यांनी आयुष्यभर जातीधर्माच्या राजकारणावर कोरडे ओढले त्यांनी हे करावे, ह्याचा धक्का पुष्कळांना बसला. कोल्हापूरकडचे राजू शेट्टी बाहेर पडले, त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली आणि २००९ साली ते लोकसभेतही पोचले. गुरूला जे जनतेतून कधी साधले नाही ते शिष्याला साधले. पक्षाला २००४ साली विधानसभेत एक जागा मिळाली: राजुरा, वामनराव चटप. हा राजुरा तालुका एके काळी निजामाच्या राज्यात होता, म्हणजे जुन्या नात्याने आमचाच. विधानसभेच्या इतिहासात ह्या पक्षाच्या नावापुढे दिसणारी मिळकत ती एवढीच.

जोशींचे राज्यसभेतले एक मत मात्र कायमचे नोंदले गेले. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचे विधेयक मंजूर झाले. बाजूने १८६, विरोधात १. तो एक म्हणजे चांदवडचे अधिवेशन भरविणारे, लक्ष्मीमुक्ती काढणारे शरद जोशी. मतदारसंघ दर खेपेस फिरता ठेवला तर कोणतीही बाई आपला मतदारसंघ बांधू शकणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. वर्तमानपत्रांतून त्यांची भरपूर थट्टा झाली. त्यांचा आक्षेप मला पटतो, मत पटत नाही. पण १८६ जणांसमोर एकट्याने हात वर करण्यास जे लागते ते त्यांच्याजवळ होते, हे मान्य करावयास हवे. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात ते वारले.

त्यांच्यामागे पक्ष मेला असेल असे वाटेल, पण तसे झाले नाही. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या वेशीवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी ठाण मांडून बसलेले असताना सर्वोच्च न्यायालयाने तीन कृषी कायद्यांचा विचार करण्यास समिती नेमली. तीत अनिल घनवट होते, जोशींच्या परंपरेतले. समितीने मार्चमध्ये अहवाल दिला. तो उघडण्यापूर्वीच नोव्हेंबरात कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. मार्च २०२२ मध्ये घनवटांनी तो स्वतःच प्रसिद्ध केला. राजुऱ्यात चटप २०१९ साली थोडक्या मतांनी हरले, २०२४ साली पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले.

आणि कांदा? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुका चालू असताना उठविली. त्या पाच महिन्यांत आमच्या वसाहतीतल्या भाजीवाल्याकडे कांदा स्वस्त मिळाला. आम्ही दोन-दोन किलो जास्त घेतला. तो स्वस्त का आहे, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. 'इंडिया' आणि 'भारत' हे जोशींचे दोन शब्द आज सर्वतोमुखी झाले आहेत, त्यांचा अर्थ मात्र कोणी कसाही लावतो. त्यांच्या लेखी शहर म्हणजे इंडिया आणि खेडे म्हणजे भारत, इतके ते सरळ नव्हते. पदपथावर झोपणारा खेडूत हा इंडियात आलेला भारताचा निर्वासित, आणि खेड्यातला कारखान्याचा संचालक इंडियाचाच. आपण कोठे बसतो, ते ज्याने त्याने भाजीची पिशवी हातात घेऊन ठरवावे.

काका आता नाहीत. समृद्धी महामार्गाची आखणी आमच्या तालुक्यातून झाली तेव्हा मोजणीची माणसे गावात आली. विहिरीकडचे दोन एकर त्या आखणीत येत होते. कागद काढून पाहिले तर सातबाऱ्यावर नाव काकूचे. मुलगा म्हणाला, मी सही करतो. अधिकारी म्हणाला, तुमची चालत नाही, आईची लागेल. काकूला लिहिता-वाचता जेमतेम येते. तिने कागद घेतला, खाली ठेवला आणि विचारले, "विहिरीचे किती? अन् लिंबाच्या चार झाडांचे?" झाडांचे मूल्यांकन व्हायचे होते. ती म्हणाली, मग झाल्यावर या. तिसऱ्या खेपेस झाडे मोजून, विहिरीची खोली दोर टाकून पाहून अधिकारी परत आला, तेव्हा तिने सही केली.